एक वही आणि बावीस क्रेडिट

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकच शब्द फिरत असतो: वर्कलोड. ‘तुमचा वर्कलोड भरला का?’ ‘मराठीचा दोन तासांनी कमी पडतोय.’ ‘मग एक पद गेलं म्हणायचं.’ यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकानं आठवड्याला १६ तास शिकवायचं, सहयोगी प्राध्यापकानं १४. या तासांवर पदं टिकतात आणि जातात, त्यामुळे ते कोष्टक सोनार तराजू बघतो तसं बघितलं जातं. विद्यार्थ्याच्या वर्कलोडचा रकाना त्या कोष्टकात नाही. इतक्या वर्षांत मी तो कधी पाहिला नाही आणि खरं सांगायचं तर मागितलाही नाही.

मागावासा वाटला तो गेल्या वर्षी, प्रवेशाच्या रांगेत एका वडिलांनी विचारलं तेव्हा. मुलगी बारावी होऊन बीएस्सीला येत होती. “सर, आता जरा निवांत ना पोरीला? दोन-चार वर्षं फार दमली.” मी सवयीनं “हो हो, आता काय!” म्हणून मोकळा झालो. घरी येऊन कागदावर हिशेब मांडला आणि आपण थाप मारली असं वाटलं. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, अर्धे बाक रिकामे पाहिले आणि वाटलं, थाप नव्हती. कॉलेजात येण्याआधी मी सहा वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं, त्यामुळे दोन्हीकडचं पोर जवळून पाहिलेलं आहे. तरी उत्तर एका वाक्यात देता येईना. म्हणून हे मुद्दे.

१. कागदावर दोन्ही ओझी सारखीच आहेत.

आधी आकडे. नववी-दहावीच्या वेळापत्रकात तासिका, शनिवारची अर्धी शाळा धरून आठवड्याला साधारण ३० तास होतात. केंद्राच्या शालेय दप्तर धोरणानं २०२० साली नववी ते बारावीच्या गृहपाठावर दिवसाला जास्तीत जास्त दोन तासांची मर्यादा सुचवली. सहा दिवस धरले तर १२. एकूण ४२.

आता कॉलेज. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या पहिल्या वर्षाला ४४पर्यंत क्रेडिट आहेत, म्हणजे एका सत्राला २२. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा एका क्रेडिटला ३० तासांचं शिकणं धरतो. त्यात वर्गात बसणं आलं, प्रयोगशाळा आली, घरचा अभ्यास आणि परीक्षाही आली. बावीस गुणिले तीस म्हणजे ६६०. सत्राचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला ४४ तास.

बेचाळीस आणि चव्वेचाळीस. ज्यांच्यासाठी आपण ‘शाळेचं ओझं’ आणि ‘कॉलेजची मजा’ असे दोन वेगळे शब्द वापरतो, त्यांच्यात कागदावर आठवड्याला दोन तासांचा फरक निघाला, तोही उलट्या दिशेनं. आराखडा करणाऱ्यांनी तर वर्षाला १२०० तास हे एकच माप शाळेलाही लावलं आणि कॉलेजलाही.

२. फरक आहे तो ते तास कुणासमोर जातात यात.

शाळेच्या बेचाळीस तासांतले तीस शिक्षकासमोर जातात. उरलेल्या बारांवर आईचा, क्लासच्या सरांचा, नाहीतर शेजारच्या ताईचा डोळा असतो. उद्या वही तपासली जाणार आहे, लाल पेनाची सही नसेल तर बाकावर उभं राहावं लागणार आहे, हे पोराला ठाऊक असतं. कॉलेजच्या चव्वेचाळीसांपैकी, सगळे विषय तात्त्विक धरले तर, बावीस वर्गात जातात (एका क्रेडिटला सत्रात पंधरा तास व्याख्यान, प्रात्यक्षिक असेल तर दुप्पट). उरलेले बावीस त्यानं स्वतः, कुणी न सांगता, न तपासता करायचे आहेत. निम्मा अभ्यास अदृश्य आहे.

दहा वर्षं ज्याला प्रत्येक तास कुणीतरी नेमून दिला, त्याला आपण एका जूनमध्ये बावीस तास हातात देतो आणि ते दिले आहेत हेसुद्धा सांगत नाही. तो काय समजणार? दप्तर गेलं, एक वही उरली, ती गोल गुंडाळून पँटच्या मागच्या खिशात. वेळापत्रकात अकरा ते बारा लेक्चर, मग साडेतीनला प्रॅक्टिकल. मधला वेळ ‘ऑफ’. या ‘ऑफ’मध्ये लायब्ररीत बसून त्या अकराच्या लेक्चरचं वाचायचं असतं, अशी मूळ योजना आहे. ही योजना मुलांना माहीत नाही, आणि आमच्यातल्या निम्म्यांना आठवत नाही.

मग तेराव्या आठवड्यात सगळं एकदम येतं. जर्नल पूर्ण करा, असाइनमेंट द्या, इंटर्नल, प्रोजेक्ट, ओरल. ऑगस्टमध्ये निवांत असलेलं पोर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्रीचे तीन वाजवतं. पण करतं काय? उतरवतं. एकाच्या जर्नलवरून दहा जर्नलं. इंजिनिअरिंगवाल्यांनी तर यासाठी शास्त्र निर्माण केलं आहे: काचेखाली बल्ब लावायचा, वर मित्राची ड्रॉइंग शीट, त्यावर आपला कोरा कागद, आणि पेन्सिल फिरवत जायचं. याला ‘जीटी मारणं’ म्हणतात. मान मोडते, डोळे सुजतात, कष्ट शंभर टक्के खरे असतात, आणि त्या आकृतीत उभा छेद कुठला नि आडवा कुठला हे सकाळी विचारलं तर सांगता येत नाही. यशपाल समितीनं १९९३ साली शालेय शिक्षणाबद्दल म्हटलं होतं की दप्तराच्या वजनापेक्षा न कळण्याचं ओझं जास्त घातक आहे. ते शाळेबद्दल होतं. सबमिशनच्या आठवड्यात कुठल्याही होस्टेलच्या जिन्यात उभं राहिलं तर तो अहवाल कॉलेजसाठीच लिहिला असावा असं वाटेल.

३. मधली दोन वर्षं कुणाच्याच हिशेबात नाहीत.

तुलना करताना आपण शाळा आणि कॉलेज अशी दोन पारडी धरतो. महाराष्ट्रात तिसरं पारडं आहे. कोठारी आयोगाची दहा-अधिक-दोन-अधिक-तीन ही रचना आपण सत्तरच्या दशकात घेतली आणि मधली ‘अधिक दोन’ बरीचशी कॉलेजांना जोडली. त्यामुळे केंद्रीय मंडळाच्या शाळेतली सोळा वर्षांची मुलगी अकरावीत गणवेश घालून प्रार्थनेला उभी असते, आणि आपल्या राज्य मंडळाची तिच्याच वयाची मुलगी ‘कॉलेजला’ जाते. नाव कॉलेजचं, परीक्षा मंडळाची, वय शाळेचं.

पूर्वी अकरावीला घराघरांत ‘रेस्ट इयर’ म्हणायचे. दहावीचा शीण काढायचं वर्ष. आता विज्ञान शाखेच्या मुलाला हा शब्द सांगितला तर तो हसतो. जेईई आणि नीटला अकरावी आणि बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम असतो. राज्याच्या सीईटीत साधारण २० टक्के भार अकरावीचा, ८० टक्के बारावीचा. बारावीच्या वर्षात जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र, मग मंडळाचं प्रॅक्टिकल, फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी, एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र, त्याच सुमारास सीईटी, मे महिन्यात नीट. पाच महिन्यांत एकाच मुलावर तीन-चार वेगवेगळ्या यंत्रणा परीक्षा घेतात, आणि एकीला दुसरीच्या अभ्यासपद्धतीशी देणंघेणं नाही. मंडळाला सविस्तर उत्तर हवं, सीईटीला चारांतला एक पर्याय. एकच धडा दोनदा, दोन हातांनी शिकायचा.

आणि हे सगळं घडतं कुठे? कॉलेजात नाही. ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे काय हे आता लातूर-नांदेडपासून ठाणे-पुण्यापर्यंत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, हजेरी आपोआप लागते. २०१८मध्ये सरकारनं विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. त्यानंतरही अकरावीच्या वर्गात ऐंशीच्या पटाला अकरा मुलं बसलेली मी स्वतः पाहिली आहेत. त्या अकरांना मी मनापासून शिकवलं, एवढंच म्हणू शकतो.

क्लासमधले तास मोजायचा प्रयत्न एकदा झाला. केंद्राच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवणी नको, आठवड्याची सुटी हवी, सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, असं आहे. पाच तास क्लास, आणि कागदावर सुरू असलेलं कॉलेज? दोन्हींची बेरीज कुणी केलेली नाही. केली तर ती एखाद्या कारखान्याच्या पाळीलाही लाजवेल आणि त्यात रात्रीचा ‘डीपीपी’ सोडवण्याचा वेळ धरलेला नसेल. (डीपीपी म्हणजे क्लासचा रोजचा प्रश्नसंच. जिवंत शब्द आहे, आमच्या घरात दोन वर्षं जेवणाच्या ताटाशेजारी होता.)

म्हणजे चित्र असं: दहावीपर्यंत मोजलेलं ओझं, अकरावी-बारावीत दुप्पट पण नोंद नसलेलं ओझं, आणि मग एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, अचानक मोकळं मैदान. “बारावी झाली की मजाच मजा” हे वाक्य आपण त्या दोन वर्षांत मुलांना पुढे चालत राहण्यासाठी गाजरासारखं दाखवतो. मुलं ते खरं मानतात. एफवायच्या रिकाम्या बाकांवर बसलेली नसते ती आळशी पिढी नव्हे; ती आपण दिलेल्या शब्दाची वसुली करायला गेलेली पिढी आहे.

४. विषय सहा की दहा?

दहावीला सहा विषय, सहाशे गुण, ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’. नव्या रचनेत एफवायच्या एका सत्रात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे, क्षमतावर्धनाचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञानपरंपरेचे आणि कोकरिक्युलर असे तुकडे असतात. दोन-दोन क्रेडिटचे कप्पे मोजत गेलं तर आठ-दहा शीर्षकं सहज होतात. हेतू चांगला आहे, बीएस्सीच्या मुलानं अर्थशास्त्राचं थोडं वाचावं याला माझा विरोध नाही. पण प्रत्येक शीर्षकाचा स्वतंत्र प्रोजेक्ट आणि स्वतंत्र इंटर्नल असते, आणि प्रत्येक शिक्षकाला वाटतं आपलं काम दोन क्रेडिटचंच तर आहे. दहा लहान कामांची बेरीज एका मोठ्या कामाएवढी होत नाही. ती त्याहून जास्त होते.

५. वही तपासणार कोण?

शाळेत वही तपासण्यासाठी शिक्षकाला पगार आहे. कॉलेजात अनेक विषय आज सीएचबीवर, म्हणजे घड्याळी तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक शिकवतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या व्याख्यानाचे. साठ मुलांनी दर आठवड्याला दोन पानं लिहून आणली तर ती वाचायला सात-आठ तास लागतील, आणि त्या तासांचं मानधन शून्य. दोन कॉलेजांत तास घेऊन, मधला रस्ता दुचाकीवर काढणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा मी करत नाही. त्यामुळे आठवड्याचं लिखाण जातं, सत्राच्या शेवटची एक जाडजूड फाइल उरते, तीवर वजन बघून सही होते. विद्यार्थ्याचा अदृश्य अभ्यास दृश्य करायचा तर तो पाहणाऱ्या शिक्षकाचा वेळ आधी कोष्टकात यायला हवा. हा मुद्दा मुलांच्या आळसाचा म्हणून मांडला जातो. तो खरं तर नेमणुकांचा आहे.

६. ‘आमच्या वेळी’ हे उत्तर पुरत नाही.

माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, कसला ताण, यांना मोबाइल सोडवत नाही. मोबाइलचं खरं आहे. पण एक दिवस त्यांनी आणि मी मिळून सकाळच्या सत्रातल्या बीकॉमच्या वर्गात हात वर करायला सांगितले: कॉलेज सुटल्यावर कामाला कोण जातं? मेडिकल दुकान, मोबाइल शॉपी, डिलिव्हरी, मामाचं वेल्डिंग, कर सल्लागाराकडे नोंदी. हात मोजायचं आम्ही मध्येच सोडलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या काळापासून आपल्याकडे ‘कमवा आणि शिका’ची परंपरा आहे, विद्यापीठांत त्या नावाच्या योजना आहेत. पण योजनेबाहेर कमावणारी मुलं कुणाच्या यादीत नाहीत. शाळकरी मुलाला दुकानावर बसवलं तर गाव बोलतं. कॉलेजच्या मुलानं बसायचंच असतं.

मुलींचा हिशेब आणखी वेगळा. देशाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं, पुरुषांचा ९७. बारावीपर्यंत ‘तिची परीक्षा आहे’ म्हणून आई तिला भाकऱ्यांतून सोडवते. एफवायला तिची परीक्षा कुणाला दिसत नाही. ‘कॉलेज काय, अकराला तर जायचंय.’ सकाळचे ते मोकळे तास चुलीपाशी जमा होतात.

त्यात एसटी. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत प्रवास मोफत आहे. पदवीला गेलं की सवलतीचा पास, तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांचा. सवलत मोठी आहे, नाकारत नाही. पण ज्या घरात दरमहा पास काढायचा की खत आणायचं असा प्रश्न पडतो, तिथे पास नसलेला महिना म्हणजे ७५ टक्के हजेरीतून गेलेला महिना. शेवटची गाडी पावणेसहाची असते म्हणून साडेचारचं प्रॅक्टिकल अर्धं सोडून निघणाऱ्या मुली मला नावानिशी माहीत आहेत. त्यांचं जर्नल अपुरं का, हे आम्ही लाल शाईनं त्यांनाच विचारतो.

७. बाहेरच्यांनी काय केलं, थोडक्यात.

अमेरिकेत एमएसला गेलेली आमच्याकडची मुलं पहिल्या सत्रात एकच तक्रार करतात: विषय फक्त तीन, नऊ क्रेडिट, आणि तरी झोप नाही. तिथं वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तासांचं काम धरलेलं असतं, आणि ते दर आठवड्याला मागितलं जातं. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट आणि १५०० ते १८०० तास अशी मोजणी आहे. ओझं आपल्यापेक्षा जास्तच. पण ते सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. आपल्या मुलांना तिथं शिकण्याची सवय लागायला एक सत्र जातं. ती सवय इथं एफवायला लागली असती तर बरं झालं असतं, असं ती नंतर लिहितात.

८. मग मागायचं काय?

मोठ्या सुधारणा मी मागत नाही. तीन गोष्टी.

अकरावी-बारावीच्या मुलाचे कॉलेज आणि क्लास मिळून होणारे तास एकत्र मोजले जावेत. इंटिग्रेटेड चालणार असेल तर ते उघड असू द्या, म्हणजे पाच तासांची मर्यादा कुणाला लावायची हे तरी ठरेल. आज दोन्हीकडचे म्हणतात, मुलगा तिकडे असतो.

मोफत एसटी पदवीपर्यंत न्या. आणि तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजची लायब्ररी, निदान एक दिवा आणि एक शिपाई, शेवटच्या गाडीपर्यंत उघडी ठेवा. बावीस अदृश्य तास बसायला जागा मागतात.

तिसरी गोष्ट विद्यापीठाला नाही, आम्हालाच करायची आहे. सत्र सुरू होताना प्रत्येक विषयाच्या शिक्षकानं कुठलं काम कुठल्या आठवड्यात मागणार हे एका तक्त्यावर लिहायचं आणि तो तक्ता जिन्यापाशी लावायचा. या वर्षी आमच्या विभागात आम्ही पाच जण त्यासाठी चहा घेऊन बसलो. चाळीस मिनिटं लागली. तक्ता भरल्यावर दिसलं की एफवायच्या मुलांकडून चौदाव्या आठवड्यात अकरा गोष्टी मागितल्या आहेत आणि चौथ्या ते नवव्या आठवड्यात एकही नाही. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, कारण प्रत्येकाला आपलं एकच दिसत होतं. अकरांपैकी चार आमच्या विभागाच्या होत्या, त्या सहाव्या आणि आठव्या आठवड्यात हलवल्या. उरलेल्या सात इतर विभागांच्या आहेत. त्यांच्याकडे गेलो होतो. म्हणाले, थांबा जरा, आमचा वर्कलोड अजून मंजूर व्हायचाय.